जुनी गादी, नवे बाळ

वहिनीचे दिवस भरत आले, तशी आईने माळ्यावरून पाळण्यातली गादी खाली काढली. थोरल्या पुतण्याची, सहा वर्षांपूर्वीची. ‘दोन उन्हे दाखवली की झाले,’ असे तिचे म्हणणे. मला ते पटेना, म्हणून थोडे वाचून पाहिले.

झोपेत अकस्मात दगावणाऱ्या तान्ह्या बाळांविषयी स्कॉटलंडमध्ये झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या बाळाने आधी वापरलेल्या गादीवर निजणाऱ्यांत असे मृत्यू अधिक आढळले. गादी परक्या घरून आलेली असली तर विशेषच. अर्थात गादी हेच कारण, असे त्यातून सिद्ध होत नाही. तेव्हा केवळ जुनी म्हणून ती टाकावी असे नाही. ती कडक, सपाट, कोरडी आणि पाळण्यात नीट बसणारी आहे का, हे पाहावे.

आपली गफलत येथेच होते. बाळासाठी जुने ते मऊ आणि मऊ ते चांगले! आजीच्या लुगड्याच्या दुपट्याला हे लागू आहे, गादीला नाही. मऊ खळग्यात नाक-तोंड रुतले तर बाळाला मान सोडवता येत नाही. सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेते. बाळाला पालथे न घालता पाठीवर निजवायचे, तेही यासाठी.

मी गादीवर तळहात दाबला. मधोमध खळगा पडला तो भरून येईना. कापसाच्या गाठी झालेल्या, वास कुबट. पिंजून घ्यावा तर कापूस आणखीच फुगणार. आई जरा रुसली. मग तिने खोळ उसवली, उकळत्या पाण्यातून काढली आणि तिची दोन दुपटी बेतली.