फुटकी काच

एखाद्या घराच्या खिडकीची काच फुटली आणि ती कोणी बदलली नाही, तर थोड्याच दिवसांत दुसरी फुटते, मग तिसरी. या घराची काळजी घेणारे कोणी नाही, असेच ती पहिली काच येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असते. मार्च १९८२ मध्ये अमेरिकेतील ‘अटलांटिक’ मासिकात जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग या अभ्यासकांनी हा दृष्टांत देऊन एक विचार मांडला. रस्त्यावर घाण, दंगामस्ती व नासधूस चालू दिली, तर भिऊन सज्जन माणसे घराबाहेर पडेनाशी होतात. रस्ते ओस पडतात आणि मोठ्या गुन्हेगारांचे फावते. म्हणून लहान गुन्ह्यांकडे वेळीच लक्ष द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यूयॉर्क शहरात त्या काळी भुयारी रेल्वेचे डबे आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी बरबटलेले असत. रात्री एकट्याने प्रवास करण्यास लोक भीत. १९८४ पासून रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी एक नियम कसोशीने पाळला. स्वच्छ केलेला डबा कोणी पुन्हा रंगवला, तर तो धुतल्यावाचून रुळांवर आणावयाचा नाही. आपली करामत कोणाच्या दृष्टीस पडत नाही, हे पाहून रंगवणाऱ्यांचा उत्साह मावळला. मे १९८९ मध्ये अखेरचा बरबटलेला डबा धावत्या गाड्यांतून काढून घेण्यात आला.

१९९० मध्ये विल्यम ब्रॅटन हे या रेल्वेच्या पोलिसांचे प्रमुख झाले. त्यांनी फुकट प्रवास करणाऱ्यांना पकडण्याचा सपाटा लावला. पकडलेल्यांपैकी काहींपाशी शस्त्रे सापडली, तर काही जण जुन्या गुन्ह्यांत हवे असलेले निघाले. १९९४ मध्ये ब्रॅटन सर्व शहराचे पोलीसप्रमुख झाले आणि हेच धोरण रस्त्यांवर आले. १९९० मध्ये शहरात २,२०० हून अधिक खून झाले होते. १९९८ मध्ये ती संख्या ७०० च्या खाली आली.

हे सारे यश या एकाच उपायाचे होते काय? याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. त्याच काळात न्यूयॉर्कमधील पोलिसांची संख्या वाढली होती आणि ‘क्रॅक’ या घातक मादक पदार्थाचा सुळसुळाट ओसरत होता. शिवाय, निराळ्या पद्धतीने काम करणाऱ्या सॅन दिएगोसारख्या शहरांतही गुन्हे घटले होते.

पुढे न्यूयॉर्कमध्ये केवळ संशयावरून वाटसरूंना अडवून त्यांची झडती घेण्याचे प्रमाण फार वाढले. एकट्या २०११ मध्ये पोलिसांनी ६,८०,००० हून अधिक वेळा लोकांना अडवले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे होते आणि दहांपैकी जवळजवळ नऊ जणांवर कोणतीही कारवाई करावी लागली नाही. निरपराध मनुष्य वारंवार असा अडवला गेला, तर त्याला पोलीस आपला रक्षक कसा वाटावा? ज्या रीतीने ही झडती घेतली जाते ती राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असा निर्णय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. त्यानंतर असे अडवणे फारच कमी झाले, तरी गुन्हे भडकले नाहीत. २०१७ मध्ये शहरातील खुनांची संख्या ३०० च्याही खाली होती.

फिलाडेल्फिया शहरातील एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे काही पडीक जागांतील कचरा काढून हिरवळ व झाडे लावली, तर काही जागा होत्या तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, गरीब वस्त्यांतील साफ केलेल्या जागांच्या आसपास बंदुकीचे गुन्हे घटले. या कामासाठी कोणाला अटक करावी लागली नव्हती.

लहान दोषाकडे दुर्लक्ष करू नये, हा विचार मोलाचाच आहे. मात्र दोष दूर करताना निर्दोषाचा अपमान होऊ नये, याचीही तितकीच काळजी घ्यावी लागते. पोलिसांची दक्षता, कायद्याची मर्यादा आणि रस्ता आपला मानणारे नागरिक हे तिन्ही एकत्र आले, म्हणजेच शहराचे रस्ते खऱ्या अर्थाने सुरक्षित होतात.