गोळीला तीन आठवडे, केटामिनला दोन तास

पोखर्णीचा माणूस नैराश्यावर उपचार घ्यायला परभणी गाठतो. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि बजावतात, "दोन-तीन आठवडे नेमानं घ्या, मग फरक पडेल." चार दिवसांत तोंड कोरडं पडतं, मळमळतं, गुण मात्र दिसत नाही. घरचे म्हणतात, "राहू द्या मग ती गोळी." पुष्कळांचा उपचार इथंच सुटतो. मनात जीव देण्याचे विचार घोळत असतील, तर तीन आठवडे फार झाले.

वास्तविक गोळी आपलं रासायनिक काम काही तासांतच करते. पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत शोषलं जाऊ नये, एवढंच ते काम. उरलेले दिवस जातात बांधकामात. दीर्घकाळच्या ताणानं कपाळामागच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवरचे सूक्ष्म काटे झडतात. शेजारच्या पेशीचा निरोप उतरतो तो या काट्यांवरच. ते पुन्हा फुटायला बीडीएनएफ नावाचं प्रथिन लागतं, आणि नेहमीच्या गोळ्या ते सावकाश वाढवतात.

हा काळ आखडता येईल का, याचा शोध कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेनं घेतला. २०१० मध्ये या गटानं इमिप्रामिन या जुन्या औषधाला योहिंबिनची जोड दिली. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची जी ग्राही, म्हणजे पेशीवरची निरोप टिपणारी जागा, नव्या पेशींच्या वाढीला आवर घालते, तिला योहिंबिन अडवतं. भुकेला प्राणी अनोळखी जागी ठेवलेल्या खाण्याला किती वेळानं तोंड लावतो, अशी चाचणी होती. एरवी तीन आठवड्यांच्या औषधानंतर दिसणारा फरक सात दिवसांत दिसला. अर्थात हे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये.

माणसांत सगळ्यांना चकित केलं ते केटामिननं. १९६२ मध्ये तयार झालेलं हे भुलीचं औषध श्वास फारसा मंदावू देत नाही, म्हणून तोकड्या साधनांच्या रुग्णालयांना ते मोठा आधार. नैराश्यात ते भुलीपेक्षा पुष्कळ कमी देतात: किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत, शिरेतून. २००६ मध्ये अमेरिकेत कार्लोस झराटे यांनी ते १८ रुग्णांवर तपासलं. इतर औषधांनी गुण न आलेले हे लोक. दोन तासांत फरक जाणवू लागला.

केटामिन आधी अडवतं ते बहुधा इतरांना दाबून ठेवणाऱ्या पेशींना. ब्रेकवरचा पाय निघाला की पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटची लाट उसळते, बीडीएनएफ बाहेर पडतं आणि काट्यांसाठी लागणारी प्रथिनं पेशी तिथल्या तिथं बनवू लागते. वैद्य यांनी येलमध्ये ज्यांच्याकडे पीएचडी केली, त्या रोनाल्ड डुमन यांच्या गटानं २०१० मध्येच यातला प्रथिनं बनण्याचा भाग उंदरांत दाखवला होता.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१९ चा कॉनर लिस्टन यांचा प्रयोग. केटामिन दिलेले उंदीर काही तासांतच सुधारले, पण नवे काटे त्यानंतर उगवले. मग संशोधकांनी प्रकाशाच्या युक्तीनं नेमके तेच काटे मोडले. सुधारणा टिकली नाही! म्हणजे बरं वाटण्याची सुरुवात काट्यांवाचून होते. ते टिकवायला मात्र काटे हवेतच.

हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाचं तर म्हणणं असं की जुन्या गोळ्या आणि केटामिन, दोन्ही बीडीएनएफच्याच ग्राहीला चिकटतात. ते सगळ्यांना पटलेलं नाही.

म्हणून परभणीत उद्या सगळ्यांना केटामिन द्यावं, असं नाही. एका मात्रेचा गुण बहुतेकांत आठवडाभरात ओसरू लागतो. रक्तदाब चढतो, काही वेळ आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं, आणि त्याची चटकही लागू शकते. भारतात ते २०१३ पासून कडक नोंदींच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे. डॉक्टरांच्या नजरेखालीच ते द्यायचं.

बहुतेकांच्या हाती अजून जुनीच गोळी आहे. तिचे पहिले आठवडे कठीण गेले, तर मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.