पहिलं पिस्तूल घेताना: एफडी मोडण्याआधी हाताचं माप घ्या

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. साताऱ्याहून एका बाबांनी पाठवलाय. मुलगी तेरा वर्षांची, चार महिने झाले क्लबात एअर पिस्तूल शिकतेय. 2024 मध्ये पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली, ती या मुलीने टीव्हीसमोर उभं राहून पाहिली आणि घरात विषय सुरू झाला. बाबांचा प्रश्न सरळ आहे: "सर, स्टायर घेऊ, मोरिनी घेऊ की पार्दिनी? एफडी मोडायची तयारी आहे. तुम्ही फक्त नाव सांगा."

नाव मी सांगितलं नाही. का नाही, ते आज जरा सविस्तर बोलतो.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी काही राष्ट्रीय नेमबाज नाही. अडतिसाव्या वर्षी हा नाद लागला, शनिवार-रविवारचा गडी. पण पहिलं पिस्तूल चुकीचं घेऊन जे काही भोगायचं असतं ते मी भोगलंय, तेवढा अनुभव माझ्याकडे आहे.

सुरुवात लक्ष्यापासून करू, कारण पिस्तूल कशासाठी घ्यायचंय ते कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. दहा मीटरवर जे लक्ष्य असतं त्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिमी आहे. शर्टाचं बटण समजा. छर्रा 4.5 मिमीचा आणि त्याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिमीच्या आत पडला की झालं.

आता एखादं बरं मॅच पिस्तूल शिकंज्यात आवळून त्याच जागी पाच छर्रे मारले तर काय होतं? एकच भोक पडतं, जरासं फाटलेल्या कडांचं. बऱ्याच कंपन्या असा चाचणीचा कागद डब्यात घालूनच देतात. स्टायरचा कागद बघा, वाल्थरचा बघा, फाइनवेर्कबाउचा बघा, ओळखू येणार नाही कुठला कुणाचा. अगदी जुनं, बाजूच्या लिव्हरने स्प्रिंग दाबायचं फाइनवेर्कबाउ 65 अजून काही क्लबांत आहे. तेही नीट ठेवलेलं असेल तर तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी अचूक मारतं. तेव्हा "जास्त अचूक कुठलं" हा प्रश्न पहिल्या पिस्तुलासाठी निकालात काढा. यंत्र दहा मारतंच. सात तुमचा हात मारतो.

हात सात कसा मारतो, ते एकदा आकड्यांत बघू. पुढची साइट, जिला जुने लोक माशी म्हणतात, आणि मागची खाच यांच्यातलं अंतर एअर पिस्तुलावर साधारण 33 सेंटिमीटर धरू. लक्ष्य 10 मीटरवर. माशी खाचेत 1 मिमी बाजूला सरकली तर लक्ष्यावर चूक होते 30 मिमीची. म्हणजे दहात राहायचं असेल तर माशी पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलून चालत नाही. याउलट माशी आणि खाच एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि सगळा हातच 5 मिमी डुलला, तर लक्ष्यावर चूकही तेवढीच, 5 मिमी. हात डुलणं परवडतं, मनगट मुरगळणं परवडत नाही. म्हणून तर आपण लक्ष्य धूसर ठेवून माशी स्पष्ट बघतो. (माझ्यासारखी चाळिशी लागलेल्यांनी आधी चष्म्याच्या डॉक्टरांकडे जावं. हातभर अंतरावरची माशी दिसत नसेल तर दुकानात जाऊन उपयोग नाही.)

आणि मनगट कशाने मुरगळतं? दोन गोष्टींनी. हातात न बसणारी ग्रिप आणि नीट न सुटणारा ट्रिगर. पिस्तुलांची तुलना करायची ती या दोन गोष्टींवर करा. बाकी सगळं नंतर.

ग्रिपचं माझं रामायण ऐका. मी सेकंडहँड पिस्तूल घेतलं, विकणाऱ्याने सांगितलं "ग्रिप काय, ॲडजस्ट होते". होती एल मापाची, माझा हात एमचा. पिस्तूल सैल वाटायचं म्हणून मी आवळून धरायचो. उजव्या हाताने मारणारा ट्रिगर दाबताना सगळा पंजा आवळत असेल तर छर्रे खाली डावीकडे जातात. माझे तसेच जायचे. मी साइटचे स्क्रू फिरवले, छर्रे बदलले, बॅरल तीनदा साफ केलं. सात महिने! शेवटी रेंजवरच्या एका ज्येष्ठ सरांनी हातातून पिस्तूल घेतलं, परत दिलं आणि म्हणाले, "डोळे मिट. हात वर घे. स्थिर झालास की उघड." उघडले तर माशी खाचेच्या पार डाव्या भिंतीला चिकटलेली. म्हणजे प्रत्येक नेमाला मी मनगट वळवून ती मध्ये आणत होतो आणि शेवटच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी जात होतं.

ही डोळे मिटायची चाचणी दुकानात, क्लबात, मित्राच्या पिस्तुलावर, कुठेही करता येते आणि फुकट आहे. पाच वेळा करा. माशी पाचही वेळा खाचेच्या मधोमध किंवा अगदी जवळपास आली तर ग्रिप तुमची. अजून दोन गोष्टी बघा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सरळ बसते का आणि बोट लाकडाला घासत तर नाही ना. पंजाखाली जी सरकती फळी असते ती तळहाताला नुसती टेकावी, चिमटा घेऊ नये. ग्रिप बहुतेक एस, एम, एल अशा मापांत येतात, पण एका कंपनीचं एम दुसरीच्या एमसारखं नसतं. चपलेसारखंच आहे ते. पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. थोडा फरक असेल तर लाकडाची लुगदी भरून किंवा पॉलिश पेपर मारून काम भागतं. एक मापच मोठी असेल तर नाही भागत.

मोरिनी ही स्विस कंपनी मुळात ग्रिपसाठीच नावाजलेली, त्यामुळे बऱ्याच जणांना तिचं पिस्तूल हातात घेताच आवडतं. काहींना अजिबात नाही आवडत. दोघंही बरोबर असतात.

आता ट्रिगर. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात. पिस्तूल उभं धरून उचलताना वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हलका, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर थोडा दाब वाढला की काच तडकावी तसा सुटतो. या भिंतीनंतर ट्रिगर किरकिरत पुढे सरकत असेल, तर तो कधी सुटणार याची वाट बघताना हात आवळला जातोच. तुलना करताना प्रत्येक पिस्तुलावर वीस वेळा रिकामा ट्रिगर दाबा. मॅच पिस्तुलांत छर्रा न घालता, हवा न सोडता ट्रिगरचा सराव करायची सोय असते. ती कशी चालते ते विकणाऱ्याला करून दाखवायला सांगा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं काय? मोरिनीचं 162 ईआय त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याच पिस्तुलाचं साधं यांत्रिक रूप एमआय नावाने येतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार स्वच्छ सुटतो, वाद नाही. पण पहिल्या दोन वर्षांत हा फरक कळण्याइतका हात तयार झालेला नसतो. तीच गोष्ट झटका शोषणाऱ्या यंत्रणेची. स्टायरच्या एलपी 10 मध्ये ती आहे, साध्या एलपी 2 मध्ये नाही. शिकणाऱ्याने एलपी 2 घेतलं म्हणून त्याचं काही अडणार नाही.

आणि यंत्र म्हटलं की कधीतरी अडणारच. टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाची लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटली, दुरुस्तीत वेळ गेला, 575 गुणांवर ती 12वी आली. साठ शॉट्सना 75 मिनिटं असतात, त्यातली किती जातील याचा विचार करा. म्हणून मी ब्रँड विचारणाऱ्याला उलट विचारतो की तुमच्या क्लबात, तुमच्या शहरात या पिस्तुलाचे सुटे भाग आणि दुरुस्त करणारा हात कुठल्या कंपनीसाठी आहे? तिथे चार जणांकडे स्टायर असेल तर तुम्हीही स्टायर घ्या. हे कारण कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं आहे.

वजनाची मर्यादा 1500 ग्रॅम आहे, पण बहुतेक चांगली पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला किलोभर वजन, तेही एका हाताने लांब धरायचं आणि साठ वेळा उचलायचं, हे कमी नाही. तिच्यासाठी आखूड बॅरलची हलकी पिस्तुलं मिळतात, मोरिनी आणि स्टायर दोघांचीही. साइटमधलं अंतर थोडं कमी होतं, म्हणजे मघाचं गणित थोडं कडक होतं. पण थकलेल्या खांद्यापेक्षा ते बरं.

कमी पैशातला जुना मार्ग म्हणजे रशियन बैकाल 46एम. खालची लिव्हर एकदा ओढून बंद केली की एका शॉटची हवा भरली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, गळती नाही. मारतं सुंदर. पण नाकाकडे जड आहे आणि सरावासकट शंभर वेळा ती लिव्हर ओढणं मोठ्या माणसालाही दमवतं. मुलीसाठी नाही घेणार मी. माझ्यासारख्या हौशीसाठी, नीट अवस्थेतलं मिळालं तर जरूर.

हवेच्या सिलिंडरची बाकी सगळी पिस्तुलं साधारण 200 बार दाबाने भरतात. सेकंडहँड घेत असाल तर सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याचं आयुष्य दहा वर्षांचं असतं, त्यानंतर स्पर्धेत तो चालत नाही आणि वापरूही नये. नवीन सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून घासाघीस करा. सिलिंडर भरून रात्रभर पिस्तुलावर ठेवा आणि सकाळी काटा बघा. खाली आला असेल तर सील गेलंय. सील गेलं म्हणून पिस्तूल वाईट ठरत नाही, पण विकणाऱ्याने ते आधी सांगितलं होतं की नाही यावरून माणूस कळतो.

परवान्याबद्दल दर वेळी विचारतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमीपर्यंत कॅलिबर आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे साडेपाच ज्यूलच्या घरात. पण म्हणून ते खेळणं नव्हे. एवढ्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जातो. शिवाय लांबून बघणाऱ्याला ते खरं पिस्तूलच दिसतं, तेव्हा नेहमी बंद पेटीत न्यायचं, बॅरलमध्ये रंगीत सुरक्षा दोरी घालून, आणि घरी कुलपात.

पॉइंट टू-टूचं मात्र वेगळं. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते 25 मीटर पिस्तुलात, त्यात खरी काडतुसं असतात, ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा. त्याला 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो, वयाची अट आहे, काडतुसांचा खर्च आहे. पार्दिनी एसपी की वाल्थर जीएसपी हा वाद फार रंगतो, पण तो क्लबाच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत दोन वर्षं काढलेल्यांनी घालावा. आणि हो, "घरात परवान्याचं .32 रिव्हॉल्व्हर आहे, त्यावर शिकू का?" असंही विचारतात. गंमत म्हणजे मॅच सेंटरफायर पिस्तुलांत .32 एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस वर्षानुवर्षं वापरलं जातं आणि आपल्या आयुध निर्माणीचं रिव्हॉल्व्हरही तेच खातं. पण आखूड बॅरल, न हलणारी साइट आणि जड ट्रिगर. त्यावर सवयी लागतात त्या मोडायलाच वर्ष जाईल.

तर साताऱ्याच्या बाबांना मी फोन केला. म्हटलं, एफडी राहू द्या. सहा महिने क्लबाचंच पिस्तूल, पण दर वेळी एकच, आज हे उद्या ते नाही. क्लबाला विचारून तिच्यापुरती एस मापाची ग्रिप विकत घ्या, ती बसवायची नि काढायची. पिस्तुलाच्या मानाने तो खर्च फारच थोडा आहे. रोज पंधरा मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर रिकाम्या ट्रिगरचा सराव, क्लब परवानगी देईल तिथे आणि तेवढाच. ते थोडे नाराज झाले. म्हणाले, "सर, बाकीच्या मुलांकडे स्वतःची आहेत हो. तिला कमी वाटतं." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. मी म्हटलं, तिच्या हाताचा कागद पाठवा.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेला पंजा, बाजूला पट्टीने घेतलेली मापं, आणि ट्रिगरच्या बोटाला तिने स्वतः बाण काढून लिहिलं होतं, "हे बोट थोडं वाकडं आहे, चालेल ना?"

चालेल. बोट वाकडं असेल तर ट्रिगरची पट्टी तेवढी फिरवता येते, बहुतेक मॅच पिस्तुलांत ती सोय असते. कुठला स्क्रू, ते मी प्रशिक्षकांना कळवलंय.

छर्ऱ्यांबद्दल, 4.49 की 4.50 वगैरे, पुढच्या भागात. तोवर ज्यांच्याकडे सेकंडहँड पिस्तूल आहे त्यांनी सिलिंडरवरची तारीख तेवढी बघून घ्या.