स्विच घेतला, पण नेट का पळाले नाही?

'स्विच' म्हटले की आपल्याला भिंतीवरचे दिव्याचे बटण आठवते. येथे ज्या स्विचचा विचार करायचा आहे तो वेगळा. घरातील संगणक, प्रिंटर, टीव्ही, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर अशी यंत्रे तारांनी एकमेकांशी जोडणारी, पाच किंवा आठ खाचांची ती एक लहानशी पेटी असते. यवतमाळच्या आमच्या घरी ती आणावी लागली, कारण राऊटरला चारच खाचा होत्या आणि पाचवे यंत्र घरात आले. दुकानदार म्हणाला, "सर, हा भारीतला न्या, नेट पळेल." नेट काही पळाले नाही. ते का पळाले नाही याचा शोध घेताना जे हाती लागले, ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

संगणक तारेने जोडण्याची 'इथरनेट' ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभी केली. तेव्हा सर्व संगणक एकाच तारेवर असत. एकाने माहिती पाठवली की ती सर्वांपर्यंत जाई. ज्याची असेल त्याने घ्यायची, इतरांनी सोडून द्यायची. दोघे एकदम बोलू लागले तर संदेशांची टक्कर होई. मग दोघेही थांबत आणि प्रत्येक जण वेगवेगळा, यदृच्छेने ठरणारा अवधी वाट पाहून पुन्हा प्रयत्न करी. आपल्याकडची यवतमाळ–मूर्तिजापूर 'शकुंतला' आठवा: रूळ एकेरी, म्हणून एका वेळी गाडी एकच. पुढे आलेली 'हब' नावाची पेटीही याच जातीची. एका खाचेतून आलेले ती बाकी सगळ्या खाचांतून बाहेर सोडी.

१९९० साली 'कल्पना' नावाच्या अमेरिकन कंपनीने सात खाचांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. नाव आपल्या ओळखीचे वाटते, कारण भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक होते. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. स्विचचे वैशिष्ट्य असे, की तो पत्ता वाचतो आणि माहितीचे पाकीट नेमक्या खाचेतूनच पाठवतो. त्यामुळे दोन जोड्या एकाच वेळी बोलू शकतात, आणि प्रत्येक तारेवर जाणे-येणेही एकदम चालते.

पण कोणते यंत्र कोणत्या खाचेत आहे हे त्याला कोण सांगते? कोणीच नाही! हे वर्गात करून पाहावे. पाच विद्यार्थी पाच बाकांवर बसवा आणि प्रत्येकाला एक क्रमांक द्या. सहावा विद्यार्थी फळ्याजवळ उभा राहील, तो स्विच. क्रमांक व बाक अशी दोन रकान्यांची रिकामी सारणी फळ्यावर आखून द्या. आता पहिल्या बाकावरील १७ क्रमांकाचा मुलगा चिठ्ठी देतो: 'कोणास – ४२, कोणाकडून – १७'. ४२ कोठे आहे हे स्विचला ठाऊक नाही, म्हणून तो चिठ्ठीच्या प्रती उरलेल्या चारही बाकांवर वाटतो. मात्र चिठ्ठी पहिल्या बाकावरून आली हे त्याने पाहिले आहे. तो लिहून ठेवतो, '१७ – बाक १'. ४२ चे उत्तर आले की त्याचाही बाक कळतो. तिसरी चिठ्ठी थेट जाते. गंमत ही, की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून शिकतो, घेणाऱ्याचा नव्हे.

आता दोन मुलांच्या जागा गुपचूप बदला. चिठ्ठ्या चुकीच्या बाकावर जाऊ लागतील, आणि जागा बदललेला मुलगा स्वतः काही पाठवीपर्यंत जातच राहतील. जुनी नोंद पुसली पाहिजे, हे मुलेच सुचवतात. खऱ्या स्विचमध्ये साधारणतः ३०० सेकंद ज्याच्याकडून काही आले नाही त्याची नोंद पुसली जाते. खरे क्रमांक ४८ बिटांचे, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी निरनिराळे असू शकतात.

आता नेट का पळाले नाही ते पाहू. आमची बाहेरून येणारी जोडणी ५० मेगाबिटची, आणि स्विच १,००० मेगाबिटचा. निळोण्याचे पाणी नळाला बारीक येत असेल, तर टाकीपासून मोरीपर्यंत दोन इंची पाइप घालून काय साधणार? घरातल्या घरात मात्र फरक पडतो. १० गिगाबाइटची चित्रफीत एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायची, तर १०० मेगाबिटच्या स्विचवर निदान ८०० सेकंद लागतात, १,००० च्या स्विचवर ८०. असे काम नसेल तर साधा स्विच पुरतो.

तारेकडे अधिक लक्ष द्यावे. तिच्यात आठ वाहक असतात. १०० मेगाबिटला त्यांतील चार पुरतात, १,००० ला आठही लागतात. त्यामुळे एखादा तुटला तर जोडणी बंद पडतेच असे नाही. बरेचदा ती गुपचूप १०० वर उतरते आणि आपण स्विचला दोष देतो. तार अस्सल तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार लवकर मोडते. तारेची लांबी १०० मीटरच्या आत हवी.

आमच्या घरी एकदा आवराआवरीत मी एकाच तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली. सर्वांसाठी असलेले पाकीट त्या वेढ्यात फिरतच राहिले, त्याच्या प्रतींवर प्रती निघाल्या आणि सारे जाळे ठप्प झाले. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय शोधला होता, पण घरगुती साध्या स्विचमध्ये तो बहुधा नसतो.

यवतमाळसाठी आणखी एक गोष्ट. अशा स्विचच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ते ओलांडले जाते. टिनाखालच्या माळ्यावर किती होत असेल! पेटीला पंखा नसतो, म्हणून ती खालच्या खोलीत, भिंतीला, मोकळ्या हवेत लावावी. कूलरच्या झोतात नको. तिथे दमटपणा असतो. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या इमारतीपर्यंत जोडणी न्यायची असेल तर तांब्याऐवजी प्रकाशतंतू वापरावा, कारण जवळपास वीज पडली तर तांब्याच्या लांब तारेत मोठा दाब निर्माण होऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात.

आणि वीज गेली तर? आमचा राऊटर इन्व्हर्टरवर होता, स्विच नव्हता. महिनाभर 'लाइन गेली की नेट जाते' अशी तक्रार आम्ही करीत राहिलो. पाच खाचांचा स्विच दोन-तीन वॅटच खातो. इन्व्हर्टरला त्याचा भार जाणवतही नाही. अडॅप्टर मात्र त्याचा त्यालाच लावावा. ५, ९ आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरांची पिन पुष्कळदा सारखीच असते. आमच्या अडॅप्टरवर आता कागदाची पट्टी चिकटवून शाईने 'स्विच' असे लिहून ठेवले आहे.