तिळाहून लहान खोट!

जेट विमानाच्या इंजिनात समोरून डोकावलं तर एक भलामोठा पंखा दिसतो. त्याची पाती ज्या जाडजूड चकतीत बसवतात, ती टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. का बरं? पोलादाच्या मानानं वजन जवळजवळ निम्मं, पण ताकद मात्र तोडीस तोड! नुसतं टायटॅनियम तसं मऊच. म्हणून शंभर भागांत सहा भाग ॲल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम मिसळतात.

झालं काम? छे! वितळलेलं टायटॅनियम भारी खादाड. हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन, मिळेल ते गिळतं. नायट्रोजन एका जागी साठला की तिथे कडक, ठिसूळ कण तयार होतो. म्हणून हा धातू हवा काढून टाकलेल्या भट्टीतच वितळवतात.

तरी एक कण निसटलाच. १९७१ मध्ये अमेरिकेत बनलेल्या एका चकतीत तो दडून राहिला. त्याच्या जागी पडलेली पोकळी जेमतेम दीड मिलिमीटरची, तिळाहून लहान! चकती सतरा वर्षं फिरत राहिली आणि पोकळीपासून निघालेला तडा दर उड्डाणाला किंचित वाढत गेला. १९ जुलै १९८९ रोजी डीसी-१० विमान आकाशात असताना शेपटीतल्या इंजिनाची ती चकती फुटली. तुकडे उडून तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. आता विमान वळवायचं कसं? कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले, ११२ दगावले.

तीन महिन्यांनी चकतीचे तुकडे मक्याच्या शेतात सापडले आणि खोट उघडी पडली. त्यानंतर धातू वितळवण्याच्या पद्धतींवर आणि तपासणीवर पुन्हा कसून काम झालं. एका पद्धतीत वितळलेला धातू पाण्यानं थंड ठेवलेल्या तांब्याच्या उथळ पात्रातून सावकाश वाहू देतात. जड कण तळाशी बसतात, नायट्रोजनचे कण विरघळायला वेळ मिळतो.

पुढे टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचा आणखी एक नवा मिश्रधातू आला. २०१२ पासून बोइंग ७८७ च्या काही इंजिनांत मागच्या, गरम भागातली पाती त्याची असतात. निकेलच्या पात्यांपेक्षा वजन निम्मं! पण तो मुळातच ठिसूळ, म्हणजे काळजी आणखी जास्त.

घरी तांदूळ निवडताना एखादा खडा राहिला तर दाताखाली येतो, एवढंच. इथे मात्र एकही खडा राहून चालत नाही, बरं का!