यरीहोच्या पांढरीवर दीडशे वर्षं

१९३०च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी यरीहोची कोसळलेली तटबंदी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा इंग्लंडमधल्या अनेक भाविकांना आणखी पुरावा नकोच होता. यहोशवाचे लोक सात दिवस शहराला फेरे घालतात, याजक रणशिंगं फुंकतात, सगळे एकदम गर्जना करतात आणि तट जागीच कोसळतो, ही बायबलमधली गोष्ट. गार्स्टँग यांनी तटाचा काळ इ.स.पू. १४००च्या सुमाराचा लावला आणि गोष्टीला तारीख मिळाली. उत्खननाला पैसा पुरवणाऱ्यांत सर चार्ल्स मार्स्टन हे उद्योगपती होते. बायबल खरं ठरावं, ही त्यांची इच्छा उघड होती. लबाडी कुणाचीच नव्हती. पण काय सापडायला हवं, ते आधीच ठरलेलं असलं की समोर आलेली भिंत तीच वाटू लागते.

बायबलमधल्या जागांच्या शोधाची सुरुवात झाली होती ती कुदळीविना. १८३८मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकी पंडित अरबी जाणणाऱ्या एली स्मिथ या मिशनऱ्याला बरोबर घेऊन पॅलेस्टाइनभर फिरले आणि खेड्यांच्या अरबी नावांत बायबलमधली जुनी नावं शोधत गेले. १८६५मध्ये लंडनमध्ये ‘पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड’ स्थापन झाला. त्याचे चार्ल्स वॉरन १८६८मध्ये यरीहोच्या टेकडीवर, म्हणजे तेल अस-सुलतानवर पोहोचले. आपल्याकडे गावाबाहेर पांढर असते, तशीच ही टेकडी, वस्तीवर वस्ती साचून उंच झालेली. वॉरन यांनी विहिरींसारखे खड्डे खणले, त्यांतला एक थेट कच्च्या विटांच्या तटातून खाली गेला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही! दगडी अवशेष शोधणाऱ्या नजरेला मातीच्या विटा म्हणजे नुसती मातीच. मातीतलं वाचायला शिकवलं ते फ्लिंडर्स पेट्री यांनी. १८९०मध्ये तेल अल-हेसी इथे त्यांनी खापरांच्या घडणीवरून थरांचा क्रम लावून दाखवला. पुढे यरीहोला अर्न्स्ट झेलिन आणि कार्ल वाट्झिंगर यांच्या जर्मन-ऑस्ट्रियन पथकाने १९०७ ते १९०९ मोठं खोदकाम केलं. यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात इथे शहरच नव्हतं, असं वाट्झिंगर यांनी १९२६मध्ये लिहूनही टाकलं होतं. गार्स्टँग त्यानंतर आले.

त्यांचे निष्कर्ष पुन्हा तपासण्याचं काम आलं कॅथलीन केनियन यांच्याकडे, तेही गार्स्टँग यांच्याच सांगण्यावरून. त्यांचे वडील सर फ्रेडरिक केनियन बायबलच्या हस्तलिखितांचे नामांकित अभ्यासक आणि ब्रिटिश म्युझियमचे संचालक. तेव्हा बायबल खोटं पाडायला निघालेली बाई, हा आरोप त्यांना चिकटत नाही. खोदकामाचं शिक्षण मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली झालेलं. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, आणि डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांच्याच उत्खननात तयार झाले होते. १९५२ ते १९५८ केनियन यरीहोत खणत होत्या आणि त्याच दशकात सांकळिया प्रवरेकाठी नेवाशाला.

केनियन यांची शिस्त कडक. चराच्या उभ्या कापात दिसणारे थर रेखाटून होईपर्यंत त्यातली वस्तू उपसायची नाही. १९५३च्या हंगामात चराच्या बाजूला एका कवटीचा माथा कितीतरी दिवस डोकावत होता. तो रेखाटन संपल्यावरच बाहेर काढला. मग एकापाठोपाठ सात कवट्या निघाल्या, गिलाव्याने चेहरे घडवलेल्या, डोळ्यांच्या जागी शिंपले बसवलेल्या. नवाश्मयुगातल्या माणसांनी जपलेले हे चेहरे. त्याच युगातला दगडी बुरूजही उघडा झाला. साडेआठ मीटर उंच, पोटात २२ पायऱ्यांचा जिना, काळ इ.स.पू. ८०००च्या आसपास.

आणि यहोशवाचा तट? गार्स्टँग यांनी दाखवलेल्या भिंती यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून सुमारे हजार वर्षं जुन्या निघाल्या. नंतरचं, जळून गेलेलं शहर केनियन यांच्या मते इ.स.पू. १५५०च्या सुमारास संपलं होतं. त्यापुढे कितीतरी काळ टेकडी जवळजवळ ओस. यहोशवाने पाडावा असा तट तिथे उरलाच नव्हता.

यावरून बायबलमधलं सगळं कल्पित, असा उलटा उत्साहही पुढे आला. तोही मला तितकाच उतावळा वाटतो. यरुशलेमेत हिज्कीया राजाने पाणी आत आणल्याचं बायबल सांगतं. १८८०मध्ये तिथल्या ५३३ मीटर लांब भुयारात एका मुलाला कोरीव अक्षरं दिसली. दोन्ही टोकांनी खणत आलेले कामगार एकमेकांचे आवाज ऐकत कसे भेटले, ते त्यात लिहिलं आहे; राजाचं नाव मात्र नाही. १९४७च्या सुमारास कुमरानच्या गुहेत गुंडाळ्या सापडल्या त्या मेंढपाळाला. यशयाच्या ग्रंथाची तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून हजारेक वर्षं जुनी प्रत त्यांत होती. १९९३मध्ये तेल दान इथे अव्राहाम बिरान यांच्या पथकातल्या मोजणीकार गिला कुक यांना भिंतीत बसवलेल्या एका दगडावर अक्षरं दिसली. इ.स.पू. नवव्या शतकातला तो अरामी लेख, शत्रुपक्षाच्या राजाने कोरवलेला, आणि त्यात ‘दावीदाचं घराणं’. दावीद हे नुसतं दंतकथेतलं पात्र आहे, असं म्हणणाऱ्यांची त्यानंतर पंचाईत झाली. यांतलं काहीही पुरावा शोधायला निघालेल्याच्या हाती लागलेलं नाही. म्हणूनच माझा त्यावर जास्त भरवसा बसतो.

यरीहोचा वाद मात्र चालूच राहिला. १९९०मध्ये ब्रायंट वुड यांनी केनियन यांची खापरं पुन्हा वाचून शहर जळाल्याचा काळ इ.स.पू. १४००वर आणला. १९९५मध्ये त्याच थरातल्या जळक्या धान्याच्या कार्बन चाचणीचे आकडे आले, ते केनियन यांच्या बाजूचे, सोळाव्या शतकाकडे झुकणारे. १९९७पासून रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाचं पथक पॅलेस्टिनी पुरातत्त्व खात्याच्या जोडीने इथे खणू लागलं. सप्टेंबर २०२३मध्ये युनेस्कोने टेकडीला जागतिक वारसा ठरवलं. पॅलेस्टाइनच्या नावावर झालेल्या या नोंदीला इस्रायलने लगेच आक्षेप घेतला.