चारच्या चहाची बिस्किटं

साखर सोडलेल्यांचा निश्चय बहुतेकदा दुपारी चारला ढळतो, चहाबरोबर आलेल्या बिस्किटांपाशी. दुपारी घाईत थोडंसंच खाल्लं असेल, तर ती भूक खरीच असते. म्हणून जेवणात उसळ, दही घ्या आणि डब्यात शेंगदाणे-फुटाणे ठेवा. पुड्यावर ‘डायजेस्टिव्ह’ लिहिलंय म्हणून भुलू नका. मागच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. तिथे इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप दिसलं तर ती साखरच. गूळही त्यातलाच, कितीही सेंद्रिय असो! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढांनी वरून घातलेली साखर आणि मध, फळांचा रस यांतली साखर मिळून दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावं. एखादा पेढा खाल्ला गेलाच, तर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. उपास करू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी जरूर बोला.